दासी राणी निघते तेव्हा

मागच्या पावसाळ्यात गिरणीतले आम्ही काही जण घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो. भीमकुंडाजवळ एक म्हातारा माणसं जमवून गोष्ट सांगत होता. विराट राजाच्या वाड्यात द्रौपदी सैरंध्री होऊन, म्हणजे राणीची वेणीफणी करणारी दासी होऊन राहिली. राणीचा भाऊ कीचक तिच्या मागं लागला. भीमानं त्याला मारला, दरीत फेकला आणि या कुंडात हात धुतले. कीचकाची दरी ती कीचकदरा, तिचा झाला चिखलदरा. लोकांनी माना डोलावल्या. माझी धाकटी बहीण तेवढी गप्प. परतताना एसटीत म्हणाली, "भाऊ, अन् थे खरीच दासी असती तं? मंग भीम आला असता का?"

मी हसलो. पण रात्रपाळीला रिंगफ्रेमसमोर उभा राहिलो तेव्हा तेच डोक्यात. त्या वाड्यात खऱ्या दासी किती असतील? कीचक काय पहिल्यांदाच कुणाच्या मागं लागला होता? त्यांचं कुंड कुठंय?

मित्रांनो, अद्भुत कादंबरीची मेख इथंच आहे. त्या दुनियेत माणसाचा पोपट होतो, मेलेला उठतो, दगड बोलतो. सगळं बदलतं. बाईचं शील आणि दासीची जात तेवढी बदलत नाही. झोपडीतली पोरगी फार देखणी, फार सोशिक दिसली की समजावं, शेवटच्या प्रकरणात ही हरवलेली राजकन्या निघणार. खांद्यावरचा तीळ सापडणार. मग तिच्यावरचा अन्याय हा अन्याय ठरणार. तोवर ते नुसतं काम होतं.

मराठीत हा कारखाना जुना आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. रिसबुडांनी प्रस्तावनेत मन मोकळं केलंय. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा, की आपल्या लग्नाच्या चालीमुळं आणि आणखी काही कारणांनी हिंदूंच्या आयुष्यात मन ओढून घेईल असं काही नसतं, ना गुण ना दुर्गुण. रोजचं लिहावं तर रस नाही, म्हणून अद्भुताकडं जावं लागतं. माणूस प्रामाणिक. पोरीचं लग्न बाहुल्या खेळायच्या वयात लागतं, तर प्रेमाची गोष्ट आणायची कुठून? पण ज्या चालीनं पोरीचं आयुष्य कोरडं केलं ती चाल त्यांना कादंबरीचा विषय वाटली नाही. अडचण वाटली.

आणि त्याच्या तेरा वर्षं आधी, १८५५ साली, जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोरगी मुक्ता साळवे 'ज्ञानोदया'त लिहून गेली होती. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, हे तिनं विचारलं. रोजच्यात रस नाही म्हणे! कुणाच्या रोजच्यात?

या कादंबऱ्यांना पहिली सणसणीत वाचक मिळाली ती आपल्या वऱ्हाडातली. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. तेव्हा पेपरवाले समस्त बायकांच्या नावानं खडे फोडायला लागले. ताराबाई उठल्या आणि १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापून मोकळ्या झाल्या. त्यात 'मंजुघोषा' आणि 'मुक्तामाला' दोन्हींना नाव घेऊन जाब विचारलाय. समाज चवताळला, पण जोतिबांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पुढं पुस्तक असं गडप झालं की १९७५ साली स. गं. मालशांनी छापलं तेव्हा पुन्हा दिसलं. आपल्या अभ्यासवर्गात ते किती जणांनी वाचलंय, हात वर करा. तरी सांगून ठेवतो, ताराबाईंच्या पानांवर मुख्य दुःख आहे ते वरच्या जातीतल्या, उंबऱ्याआडच्या बाईचं. दासीपर्यंत त्यांचीही नजर फारशी पोचत नाही.

आमच्या वर्गातला एक मित्र म्हणतो, "हे सगळं थोतांड आहे, विज्ञानवादी माणसानं जादूटोण्याच्या कादंबऱ्या वाचूच नयेत." मला हे पटत नाही. १९८७ साली सरकारनं छापलेलं बाबासाहेबांचं 'रिडल्स' उघडा. बाबासाहेबांनी रामायण थोतांड म्हणून बाजूला टाकलं नाही. नीट वाचलं आणि सीतेचं काय केलं ते विचारलं. पुराणातल्या बाईला बाई समजून वाचायचं, हे आपल्याच घरातलं शिक्षण आहे.

बहीण सध्या हॅरी पॉटर वाचते, मराठी भाषांतरातला. चौथ्या भागात एल्फ आहेत, घरकामाचे बिनपगारी गुलाम. हर्मायनी नावाची पोरगी त्यांच्या मुक्तीसाठी संघटना काढते, वर्गणी मागते, बिल्ले वाटते. पोरं तिची टिंगल करतात. माझ्या मित्राला इथं हर्मायनी एकदम पसंत पडली, ही तर आपली कार्यकर्ती म्हणाला. मग विन्की येते. मालकानं हाकललेली एल्फ बाई. डॉबी नावाचा सुटलेला एल्फ पगार मागतो, खुशीत असतो. विन्कीला पगार म्हणजे बेइज्जती. रडते, दारू पिते, मालकाचं नाव घेते. मित्र म्हणाला, "ही गुलामीला चटावलेली. असल्यांमुळंच चळवळ मागं राहते."

बहीण भडकली. "तिले सोडलं नाही, काढलं. अन् तुमच्या त्या हर्मायनीनं तिले एकदा तरी इचारलं का, बाई, तुले काय पाहिजे?"

ती का भडकली हे मित्राला कळलं नाही. मला कळलं. आमच्या मायनं अमरावतीत लोकांची धुणीभांडी केली. एका घरी बरीच वर्षं. एक दिवस वाटी सापडत नाही म्हणून तिला काढलं. माय दोन दिवस जेवली नाही. आणि तिसऱ्या दिवशी विचारते काय, तर त्या घरच्या लहान पोराचा ताप उतरला का. मी तेव्हा नववीत होतो. मायवर ओरडलो होतो, लाज कशी वाटत नाही म्हणून. मित्र विन्कीला बोलला तेच, तसंच.

लेखिकेनं मात्र विन्कीला स्वयंपाकघरात बाटलीजवळ ठेवून दिलं आणि गोष्ट पुढं नेली. पुढं सिनेमा काढला त्यात तर विन्की नाहीच, हर्मायनीची संघटनाही नाही. दासी वगळली तरी गोष्टीचं काही अडत नाही म्हणायचं.

अडत कसं नाही? पण आधी स्वतःचं बघतो. आपले कवी काय करतात? मोर्चातल्या बाईला रणरागिणी करतात, मायला महाराणी करतात. माझ्याच गेल्या वर्षीच्या कवितेत माय 'राखेतून उठलेली सम्राज्ञी' आहे. भर सभेत वाचली, टाळ्या पडल्या. परवा बहिणीनं वही उघडली, त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि समोर लिहिलं, "म्हंजे नुसती माय असती तं?"

ओळ मी खोडलीय. तिथं दुसरी अजून सुचलेली नाही.