कविकीर्तीची घडण : द. रा. बेंद्रे यांचे उदाहरण

संग्रह प्रकाशित झाला की कविकीर्तीस प्रारंभ होतो, हे गृहीतक अंबिकातनयदत्त ऊर्फ द. रा. बेंद्रे यांच्यासंदर्भात टिकत नाही. मातृभाषा मराठी असलेल्या बेंद्र्यांची कन्नड कविता धारवाडच्या ‘गेळेयर गुंपु’ या मित्रमंडळात व काव्यवाचनांतून आधी श्रोत्यांपर्यंत पोचली. ‘गरि’ हा संग्रह १९३२ साली निघाला. बंगळूर येथे १९१५ मध्ये स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेच्या संमेलनाचे १९४३ मधील अध्यक्षपद, १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार व १९७३ चे ज्ञानपीठ हे त्या श्रवणजन्य मान्यतेवरील संस्थांचे शिक्कामोर्तब होय. मराठीतही लेखन करणाऱ्या या कवीला मराठी काव्येतिहासात मात्र तुल्य स्थान लाभले नाही. तात्पर्य, कीर्तीची भूमी मातृभाषा नसून कवीने निवडलेला श्रोतृसमाज ठरतो.