‘विकत घेणे’ या क्रियापदाचे काय झाले?

गेल्या वर्षी मे महिन्यात माझे एक कपाट रिकामे झाले. कपाट फोनमधले होते. मराठी ई-पुस्तके विकणाऱ्या एका ॲपवर पाच-सहा वर्षांत मी चाळीसेक पुस्तके घेतली होती, त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत खुणा केल्या होत्या, समासात टिपणे लिहिली होती. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवासवर्णनांवरच्या एका लेखाची अर्धी तयारी त्या टिपणांत होती. ॲप बंद होणार असल्याचे पत्र दोन महिने आधी ई-मेलने आले होते. शेकडो जाहिरातींच्या गर्दीत ते माझ्या नजरेतून सुटले. ही चूक माझी. पण विचारणा केल्यावर जे उत्तर आले, ते मला अजून पचलेले नाही. आपण पुस्तके विकत घेतली नव्हती, ती वाचण्याचा परवाना घेतला होता, असे त्यांनी अत्यंत सौजन्याने कळवले. पैसे भरताना ज्या बटणावर मी बोट ठेवले होते, त्यावर ‘खरेदी करा’ असे स्वच्छ मराठीत लिहिलेले होते.

हे गाऱ्हाणे मी भाच्यापाशी मांडले. तो बावीस वर्षांचा, व्हिडिओ गेम खेळणारा. तो हसला. म्हणाला, ‘‘मामा, तुला आत्ता कळलं? आमच्याकडे हे कधीचं चाललंय. तू ‘द क्रू’चं प्रकरण वाच.’’ मी वाचले, आणि त्या वाचनातून हा लेख झाला. व्हिडिओ गेम हा विषय वाङ्मयीन वार्षिकात कशाला, असे वाचकांना वाटू शकेल. भाच्याशी बोलण्याआधी मलाही तसेच वाटत होते.

एका खेळाचा शेवट

‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. आवळून लहान केलेली अख्खी अमेरिका हे त्याचे वैशिष्ट्य. न्यूयॉर्कहून निघावे, मैदाने आणि डोंगर ओलांडावेत, आणि पडद्यावर कुठेही खंड न पडता पश्चिम किनाऱ्याला पोहोचावे. शर्यत न लावता नुसते भटकणारे खेळाडूही पुष्कळ होते. हा खेळ एकट्याने खेळायचा म्हटला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असणे सक्तीचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली. सर्व्हरची व्यवस्था आणि परवान्यांच्या अडचणी ही कारणे कंपनीने दिली. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे दुकानातून आणलेली चकती होती, त्यांच्याही हाती प्लास्टिकचा तुकडा तेवढा उरला. पुढे काही खेळाडूंच्या खात्यांतून त्या खेळाचा परवानाच काढून घेतल्याच्या बातम्या आल्या.

रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या समीक्षकाने त्याच एप्रिलमध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. तिची मागणी अनेकदा चुकीची सांगितली जाते. सर्व्हर कायमचे चालू ठेवा, असे ती म्हणत नाही. खेळ बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत ग्राहकाच्या हाती सोडा, एवढेच ती मागते. युरोपीय महासंघात दहा लाख नागरिकांच्या सह्या जमल्या आणि किमान सात देशांत ठरावीक संख्या गाठली, तर युरोपीय आयोगाला त्या मागणीची दखल घेऊन उत्तर द्यावे लागते. ३१ जुलै २०२५ रोजी मुदत संपली तेव्हा सह्यांचा आकडा चौदा लाखांच्या पुढे गेला होता.

करारनामा एक संहिता म्हणून

समीक्षकाचे काम संहिता वाचणे. या प्रकरणात दोन संहिता आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध बोलतात. पहिली संहिता दुकानाची: ‘खरेदी करा’, ‘माझे ग्रंथालय’, ‘माझा संग्रह’. ही भाषा आपल्या ओळखीची, मालकीची, घरगुती. दुसरी संहिता करारनाम्याची. ती दहा-वीस पाने लांब असते, ‘मान्य आहे’ या बटणाआड असते आणि तिच्यात ‘खरेदी’ हा शब्द जवळजवळ येतच नाही. तेथे ‘मर्यादित’, ‘अहस्तांतरणीय’, ‘रद्द करता येण्याजोगा परवाना’ अशी विशेषणे एकापाठोपाठ येतात. पहिली संहिता सर्वांनी वाचावी म्हणून लिहिलेली असते, दुसरी कोणी वाचू नये म्हणून. वाद उभा राहिला की न्यायालयात मात्र दुसरीच दाखवली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात ‘द क्रू’च्या दोन खेळाडूंनी दावा लावला, तेव्हा कंपनीचा बचाव हाच होता: ग्राहकांनी परवाना घेतला होता आणि तसे त्यांना सांगितलेले होते. त्यावर वादींनी खेळासोबत मिळालेल्या सक्रियता-कोडाकडे बोट दाखवले. त्यावर छापलेली मुदत २०९९ सालची होती.

मला येथे आपली जुनी दानपत्रे आठवतात. ताम्रपटांत दिलेल्या जमिनीचा उपभोग ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत, सांगितलेला असतो. पेशवाईतल्या सनदांत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ असते. राज्ये बुडाली, दाने हिरावली गेली, हे खरे. पण देणाऱ्याने मुदत तरी ठसठशीत कोरली होती. गहाणखत, भाडेपट्टा, साठेखत, खरेदीखत असे व्यवहारांचे बारीक भेद सांगणारे शब्द मराठीत आहेत आणि सामान्य शेतकऱ्यालाही ते कळतात. साठेखताला खरेदीखत म्हणून कोणी खपवू लागला तर गावात त्याला लबाड म्हणतील. डिजिटल दुकानात ते रोज घडते आणि आपण त्याला सोय म्हणतो.

कॅलिफोर्नियाने या शब्दाचीच दखल घेतली. तेथे २०२४ मध्ये मंजूर झालेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू असलेला कायदा सांगतो की, डिजिटल वस्तू परवान्यावर देत असाल तर ‘विकत घ्या’ हा शब्द तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय वापरता येणार नाही. जी वस्तू कायमची उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवाय चालते, तिला ही अट नाही. हा भाषाशुद्धीचा कायदा आहे आणि भाषेचा माणूस म्हणून मला तो आवडला. पण त्याची मर्यादाही उघड आहे. त्याने पाटी बदलली, माल तोच राहिला. ‘येथे काहीही विकले जात नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिलेल्या दुकानांचाच बाजार भरला, तर ग्राहकाने जायचे कुठे? पोलंडच्या ‘गॉग’सारखी थोडी दुकाने खेळ कुलूप न लावता उतरवून देतात. म्हणजे दुसरी रीत अशक्य नाही. ती अपवाद आहे, इतकेच.

नाटकाचा प्रयोगही संपतोच ना?

विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद असा: ऑनलाइन खेळ ही वस्तू नव्हेच, ती सेवा आहे. नाटकाचा प्रयोग संपला म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. युरोपातल्या गेम उद्योगाच्या संघटनेने आणखी व्यावहारिक मुद्दे मांडले आहेत. सर्व्हर खेळाडूंच्या हाती दिले तर त्यांच्या माहितीच्या सुरक्षेची आणि आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी कोणाची? काही खेळांची बांधणीच अशी असते की सर्व्हर काढला तर काही उरत नाही. आणि ही सगळी तरतूद करायची तर खर्च वाढेल. यातले काही मुद्दे खरे आहेत. हजारो माणसे एकाच वेळी वावरतात अशा खेळाचा सर्व्हर घरच्या संगणकावर चालवणे सोपे नाही.

पण नाटकाची उपमा नीट तपासली तर ती उलटते. नाटकाच्या तिकिटावर तारीख, वेळ आणि खुर्चीचा क्रमांक असतो. प्रेक्षक काय विकत घेतो हे दोघांनाही ठाऊक असते. ‘द क्रू’ विकत घेणाऱ्याला अशी तारीख कोणी सांगितली नव्हती. दुसरे असे की, प्रयोग संपला तरी संहिता उरते. १९११ च्या ‘संगीत मानापमान’चे प्रयोग गेले, ते पाहिलेली माणसेही गेली, खाडिलकरांची संहिता मात्र आहे आणि कोणीही नवी मंडळी ती पुन्हा उभी करू शकतात. व्हिडिओ गेममध्ये संहिता आणि प्रयोग एकाच कोडात असतात. कंपनी सर्व्हर बंद करते तेव्हा ती नुसता प्रयोग थांबवत नाही, संहितेची एकमेव प्रतही कडीकुलपात ठेवते. त्या खेळाच्या चित्रफिती उरतात, पण रंगमंचाची छायाचित्रे म्हणजे नाटक नव्हे.

मोहिमेच्या भाषेबद्दलही एक आक्षेप नोंदवतो. तिच्या नावातच ‘मारणे’ आहे आणि तिच्या प्रचारात ‘हत्या’, ‘विध्वंस’ हे शब्द फार येतात. त्यामुळे सह्या मिळतात, पण मूळ मुद्दा झाकला जातो. हा खून नाही, अपुरा सांगितलेला व्यवहार आहे. २०२४ च्या जानेवारीत युबिसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने मुलाखतीत म्हटले होते की, लोकांना सीडी-डीव्हीडी जवळ नसण्याची सवय झाली, तशी खेळ मालकीचे नसण्याचीही व्हायला हवी. त्यावर गदारोळ झाला. वास्तविक तो मासिक वर्गणीच्या सेवेबद्दल बोलत होता आणि त्या संदर्भात ते विधान गैर नव्हते. वर्गणीदाराला आपण वर्गणीदार आहोत हे माहीत असते. तक्रार पूर्ण किंमत एकरकमी घेऊन वर्गणीदार बनवण्याबद्दल आहे.

आपला कायदा काय म्हणतो

भारतात या प्रश्नाची चर्चा जवळजवळ नाही. ऑनलाइन खेळांविषयी आपण बोलतो ते जुगार आणि व्यसन यांच्या अंगाने. ग्राहक म्हणून खेळाडूचा विचार होत नाही. तरीही आपल्या कायद्यांत आश्चर्य वाटावे इतका आधार सापडतो.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर ‘माल’ ठरवले. २०२१ च्या इंजिनीअरिंग ॲनालिसिस खटल्यात न्यायालयाने असे करारनामे बारकाईने वाचले आणि सांगितले की, ज्याला करारात परवाना म्हटले आहे तो व्यवहार वस्तुतः मालाची विक्री आहे. दोन्ही निकाल करासंबंधीचे आहेत आणि त्यांतले सॉफ्टवेअर भौतिक माध्यमातले होते, त्यामुळे डाउनलोड केलेल्या खेळाला ते जसेच्या तसे लागू होतील असे म्हणता येत नाही. पण वाचनाची पद्धत महत्त्वाची आहे: करारातले नाव पाहू नका, व्यवहार पाहा. युरोपीय न्यायालयानेही २०१२ मध्ये असेच म्हटले होते. एकरकमी पैसे घेऊन अमर्याद काळासाठी दिलेला सॉफ्टवेअरचा परवाना ही विक्रीच, आणि ग्राहक ती प्रत पुढे विकू शकतो. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये ई-पुस्तकांना मात्र ही सवलत नाकारली. म्हणजे तेथे सॉफ्टवेअर घेणाऱ्याचा हक्क वाचकापेक्षा मोठा ठरला!

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘अनुचित करार’ ही कल्पनाही त्यात आली आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार घेणे हा तिच्यातला एक प्रकार. गंमत पुढे आहे. साधी तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, पण अनुचित कराराची तक्रार थेट राज्य आयोगाकडेच न्यावी लागते. पाचशे रुपयांच्या खेळासाठी किंवा दोनशेच्या पुस्तकासाठी राज्य आयोगापर्यंत कोण जाईल? हक्क आहे, पण त्याची पायरी ग्राहकाच्या पायापेक्षा उंच आहे.

पुस्तकवाल्यांनी का ऐकावे

हे सगळे पुस्तकांत आधीच घडून गेलेले आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके दुरूनच पुसून टाकली, कारण ती हक्क नसलेल्या विक्रेत्याने चढवली होती. पैसे परत केले गेले. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. पण एका विद्यार्थ्याने पुस्तकावर केलेली टिपणे निरुपयोगी झाली, त्याने दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. त्या मुलाचे दुःख मला आता कळते. पुस्तकाची किंमत परत देता येते, समासात लिहिलेल्याची नाही.

आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईसह अन्य तीन शहरांतली ग्रंथालये यांना द्यायच्या असतात. अंमलबजावणी ढिली आहे, तरी तत्त्व मान्य आहे: छापलेले ते समाजाच्या स्मृतीचा भाग. त्या कायद्यात व्हिडिओ गेमचा उल्लेख नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. अशा खेळांच्या प्रती ग्रंथालयांनी संशोधकांना दुरून वापरू द्याव्यात, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. १९०९ चा ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक शोधणारा संशोधक निदान रद्दीच्या दुकानात तरी जाऊ शकतो. ‘द क्रू’साठी तसे दुकानच असू शकत नाही.

माझी मागणी मोठी नाही. बटणावर जे लिहिले असेल तेच करारात असावे. सेवा बंद करताना वाचकाला त्याचे पुस्तक आणि टिपणे, खेळाडूला त्याचा खेळ, चालू स्थितीत उतरवून घेता यावा. ते शक्य नसेल तर संपण्याची तारीख विकतानाच छापावी. आणि लहान रकमेची अशी तक्रार जिल्हा आयोगात ऐकली जावी.

गमावलेल्या पुस्तकांपैकी अकरा मी छापील प्रतींत पुन्हा मिळवली आहेत, त्यातली सात जुन्या बाजारातून. एका प्रतीत कोणा अनोळखी वाचकाची पेन्सिलीतली टिपणे आहेत. भाचा ती चाळत होता. म्हणाला, ‘‘हे बरंय. ह्याला सर्व्हर लागत नाही.’’ प्रवासवर्णनांवरचा लेख मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला आहे.