‘शक्ती’च्या तीन मैफली

ध्वनिमुद्रणगृहात चूक पुसता येते, तुकडे जोडता येतात. मैफलीत मात्र सुटलेला स्वर परत घेता येत नाही. म्हणूनच काही रसिक प्रत्यक्ष मैफलींच्या मुद्रणांचाच ध्यास घेतात. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने श्रोत्यांना आपल्या मैफली मुद्रित करण्याची मुभा दिली होती. १९८४ पासून अशा श्रोत्यांसाठी वेगळी जागाच राखली जाई. याच वृंदाचे तालवादक मिकी हार्ट यांच्यासह १९७६ साली ‘डिगा’ ही ध्वनिमुद्रिका काढणारे उस्ताद झाकीर हुसेन हे आपल्या माहीमचे, सेंट मायकल शाळेचे विद्यार्थी. पहाटे वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्यापाशी तालाचे धडे, मग मदरशात कुराणपठण आणि त्यानंतर चर्चमध्ये स्तोत्रगायन, अशी आपली बालपणीची सकाळ ते सांगत.

१५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीरभाई निवर्तले. त्यांच्या ‘शक्ती’ या वृंदाच्या मुद्रणांतील तबल्याचे वेगवान तुकडे तेवढे निवडून आमच्या उपनगरांतील तरुण मंडळी आवडीने ऐकतात. त्यातून वादकाचे कौशल्य कळते. परंतु संगीत कळते काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. त्या दृष्टीने तीन मैफलींचा येथे विचार करू.

पहिली मैफल जुलै १९७५ मधील, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड येथील एका महाविद्यालयात झालेली. जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार, एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकीरभाईंचा तबला, विनायकराम यांचा घटम आणि राघवन यांचा मृदंगम. मॅक्लॉफ्लिन यांनी गिटारीवर सात तरफेच्या तारा तिरप्या बसवून घेतल्या होत्या आणि पडद्यांमधील लाकूड कोरून घेतले होते. त्यामुळे तार दाबून मींड काढणे शक्य झाले. ‘जॉय’ ही अठरा मिनिटांची रचना विजेसारखी कडाडते. तारुण्याचा हा आवेश मोहक खरा, पण कित्येकदा संवादाची शर्यत होते. त्याच मैफलीतील ‘लोटस फीट’ पाच मिनिटांचीही नाही. तेथे कोणालाच घाई नाही, आणि आमच्या मते त्या रात्रीचे सर्वांत टिकाऊ संगीत तेच.

दुसरे मुद्रण सप्टेंबर १९९७ च्या ब्रिटनमधील दौऱ्याचे. व्हायोलिनच्या जागी येथे पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे. ‘मुक्ती’ ही रचना एक तासाहून अधिक चालते. अधीर श्रोत्यास ती लांबलेली वाटेल, आणि काही ठिकाणी ती रेंगाळते हेही खरे. मात्र येथे थोर वादक एकमेकांना वाट करून देतात. ‘लोटस फीट’ येथेही आहे. १९७५ चे व्हायोलिन आणि १९९७ ची बासरी लागोपाठ ऐकावी. बावीस वर्षांत हे वादक काय शिकले, ते व्याख्यानाशिवाय उमगते.

तिसरी मैफल डिसेंबर २००० मधील, खुद्द मुंबईतील. मँडोलिनवर यू. श्रीनिवास, तालवाद्यांवर विनायकरामांचे पुत्र सेल्वगणेश. पाहुण्यांत संतूरवादक पंडित शिवकुमार शर्मा आणि आपल्या चेंबूरचे शंकर महादेवन. ‘शृंगार’मधील संतूर आणि गिटार यांचा संवाद अतिशय नाजूक आहे. परंतु पाहुणे तालवादक एकत्र जमतात तेव्हा उत्सव रंगतो आणि संवाद पातळ होतो. घरी परतल्याचा आनंद या मुद्रणात आहे. एकाग्रता मात्र १९९७ ची.

श्रीनिवास २०१४ साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. शिवकुमारजी २०२२ साली. आता ही मंडळी पुन्हा एका मंचावर बसणार नाहीत. त्यांचे एकमेकांना ऐकणे या मुद्रणांत उरले आहे, आणि तुकडे पाडले की नेमके तेच हरवते. आमच्या धर्मग्रामांच्या गायकवृंदांत तबला किंवा गिटार वाजवणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच : ‘मुक्ती’ एकदा अखंड ऐका, आणि झाकीरभाई कोठे वाजवतात यापेक्षा ते कोठे थांबतात, हे टिपून ठेवा.