वाट्याची भाषा आणि पुराचे पाणी

कोल्हापुरात पुराला स्वतःची भाषा आहे. शिवाजी पुलाशी पंचगंगा चढली की 'मच्छिंद्री झाली' म्हणतात. नृसिंहवाडीला पाणी दत्तमंदिराच्या उत्तरेकडून शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळ्याला लोक स्नानाला धावतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण ज्या कागदांनी कृष्णेचे भवितव्य ठरवले त्यांत ही भाषा शोधू गेले तर हाती फार थोडे लागते. लवादांचे निवाडे आणि समित्यांचे अहवाल आपण आकड्यांसाठी वाचतो. येथे ते त्यांच्या शब्दांसाठी वाचायचे आहेत.

न्या. बच्छावत यांचा पहिला कृष्णा लवाद १९६९ साली नेमला गेला. त्याचा अहवाल १९७३ चा आणि अंतिम निवाडा १९७६ चा. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी. हे वाटप ७५ टक्के विश्वासार्हतेवर उभे आहे, म्हणजे शंभरांतल्या पंचाहत्तर वर्षी जेवढे पाणी हमखास मिळेल तेवढेच धरले आहे. हिशेबाची नजर अशी तुटीच्या वर्षांवर खिळलेली. १९७२ चा दुष्काळ उशाशी असताना ती तशी असणे समजण्यासारखे आहे. पण न्या. ब्रिजेशकुमार यांच्या दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये काय केले? ६५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी मोजले, त्याच्या वरचे अतिरिक्त पाणीही मोजले, आणि तेही वाटून टाकले. जास्तीचे पाणी म्हणजे आणखी एक वाटा! ते कोणाच्या घरात शिरते, हा प्रश्न वाटपाच्या तक्त्यात बसतच नाही. अलमट्टीची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायला याच लवादाने मान्यता दिली. महाराष्ट्राचा बुडिताचा आक्षेप टिकला नाही. निवाडा सर्वोच्च न्यायालयात अडकून राजपत्रात आलेला नाही, तरी सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने वाढीव उंचीच्या भूसंपादनाचा मोबदलाही ठरवला.

दुसरा कागद घरचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. त्यानंतर नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली गेली आणि मे २०२० मध्ये तिचा अहवाल आला. पुराला अलमट्टी आणि हिप्परगी जबाबदार नाहीत. अतिवृष्टी, पात्रातली व पूररेषेतली अतिक्रमणे ही कारणे आहेत, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडे या अहवालावर जी टीका झाली ती बहुतेक या निष्कर्षावर. मला दोष प्रश्नात दिसतो. 'अपराधी कोण' असे विचारले की उत्तर हो किंवा नाही असेच येणार. महाराष्ट्राने नेमलेली समिती कर्नाटकाच्या धरणचालकाला समोर बसवून जाब विचारू शकत नाही. तसा अधिकार तिला कोणी देऊच शकत नव्हते. अमुक दिवशी पाऊस किती, विसर्ग किती, पाणी कोठे पोचले, याचा दोन राज्यांचा मिळून एकच हिशेब असेल तरच अलमट्टीचा वाद मिटेल. एरवी इकडचे इंजिनिअर सांगणार आणि तिकडचे मान डोलावणार, किंवा उलट.

जून २०२१ मध्ये जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन येडियुरप्पांना भेटले, समन्वय ठरला. महिन्याभरात पंचगंगा ५६ फुटांवर होती. भेट फसवी होती असे नव्हे. मंत्र्यांच्या सौजन्यावर धरणाचे दरवाजे किती काळ चालवायचे, एवढाच मुद्दा आहे.

आता शेजारी देशांचे कागद पाहा. १९६० च्या सिंधू करारात चौथ्या कलमात तरतूद आहे की धरणातून असाधारण विसर्ग होणार असेल तर दुसऱ्या पक्षाला शक्य तितके आधी कळवायचे. एप्रिल २०२५ मध्ये भारताने करार स्थगित केला, तरी ऑगस्टात तावीच्या पुराचा इशारा इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयामार्फत दिला गेलाच. ऱ्हाइन नदीवरच्या देशांचा आयोग १९५० पासून आहे. १९९३ व १९९५ च्या पुरांनंतर त्यांनी १९९८ मध्ये रॉटरडॅमला पुराचा कृती आराखडा मंजूर केला, त्यात नदीला पसरायला जागा परत देणे हेही होते. एकमेकांशी युद्धे केलेल्या देशांना जमलेली गोष्ट इचलकरंजी आणि जमखंडी यांच्यामध्ये अडते, हे मला नेहमी विचित्र वाटते.

आणि अडायचे कारण कायद्याचा अभाव नाही. १९५६ साली संसदेने दोन कायदे केले. आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा सर्वांना माहीत आहे, कारण त्यातून लवाद निघतात. दुसरा नदी मंडळ कायदा. त्याच्या तेराव्या कलमात मंडळाची कामे दिली आहेत: पाण्याचा योग्य वापर, सिंचन, वीज, पूरनियंत्रण, वनीकरण, प्रदूषण रोखणे. मंडळाचे काम सल्ला देणे. हुकूम सोडणे नाही. तरीही या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. भांडायचा कायदा वापरला गेला, एकत्र बसायचा धूळ खात पडला. राज्यांना असे मंडळ नको असते, कारण त्यात आपल्या धरणांचे आकडे रोज दुसऱ्यासमोर मांडावे लागतील. इथे महाराष्ट्रही धुतल्या तांदळासारखा नाही.

कारण अलमट्टीबद्दल बोलताना आपण स्वतःला खालच्या धरणाचे बळी समजतो. नकाशावर मात्र आपण वरच्या अंगाला आहोत. उन्हाळ्यात बेळगाव, विजापूर, बागलकोट कोयनेचे पाणी मागतात तेव्हा जतसाठी बदल्यात पाणी द्या म्हणून अडून बसणारे आपणच. कोल्हापूरचे सांडपाणी, कापड प्रक्रियेचे आणि साखर कारखान्यांचे पाणी पंचगंगेत जाते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना बरगे घातलेले असतात तेव्हा अडलेले काळे पाणी आणि वर तरंगणारे मासे शिरोळ तालुक्याने कितीदा पाहिले आहेत. तेच पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते आणि राजापूर बंधाऱ्याच्या पुढे कर्नाटकाचे होते. प्रदूषण रोखण्याचे काम त्या तेराव्या कलमातच आहे, आणि मंडळ नेमा अशी विनंती केंद्राकडे करायला चौथ्या कलमानुसार एक राज्यही पुरते.