निकालानंतरची कटुता आणि आपली समीक्षा

मार्च १९७७ मध्ये लोकसभेचा निकाल लागला. इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या, आणीबाणी उठली, जनता पक्ष दिल्लीत सत्तेवर आला. मराठी साहित्यविश्वात त्या दिवसांचे वर्णन आजही दुसऱ्या स्वातंत्र्याच्या भाषेत केले जाते. त्या स्वातंत्र्यात दलित लेखक कोठे उभा होता, असा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले असते: नामदेव ढसाळ तेव्हा 'प्रियदर्शिनी' लिहीत होते.

उत्तर खोटे नाही. ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला आणि १९७६ साली 'प्रियदर्शिनी' प्रसिद्ध झाले. १९७२ च्या 'गोलपिठा'त ज्या कवीने कामाठीपुऱ्याच्या तळातून साऱ्या प्रतिष्ठेला शिवी घातली, त्यानेच सत्तेच्या शिखरावरील व्यक्तीचा गौरव करावा, ही गोष्ट समीक्षेने झाकता कामा नये. १९७६ च्याच मे महिन्यात मुंबईतील जनता कॉलनी जमीनदोस्त करून तेथील माणसे चीता कॅम्पला हलवली गेली. झोपड्या पाडणारे सरकार आणि झोपडपट्टीचा कवी एका बाजूला उभे राहतात, तेव्हा त्याची किंमत कवितेला मोजावी लागतेच.

परंतु हा पाठिंबा कोठून आला, हे विचारणे हेही समीक्षेचेच काम आहे. वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जमीन देण्याचे आश्वासन होते. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. प्रत्यक्षात हाती किती पडले हा वेगळा मुद्दा. पांढरपेशा वाचकाला सेन्सॉर नवा होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र तोंड उघडण्यापूर्वी पाटलाच्या वाड्याकडे पाहण्याची सक्ती पिढ्यान्‌पिढ्या होती. तेव्हा १९७५ साली सर्वांचे सारखेच काही हिरावले गेले, असे धरून चालता येत नाही. ढसाळांचा निष्कर्ष चुकीचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. चुकीच्या निष्कर्षाशी वाद घालता येतो. येथे मात्र 'विकला गेला' एवढ्या दोन शब्दांत खटला निकाली निघाला. आणीबाणीला मंजुरी देणारा ठराव लोकसभेत मांडणारे जगजीवनराम फेब्रुवारी १९७७ मध्ये काँग्रेस सोडतात आणि जनता सरकारात संरक्षणमंत्री होतात. पुढाऱ्याला जी माफी मिळाली ती कवीला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

विजेत्यांच्या सहिष्णुतेची खोली कळायला फार दिवस लागले नाहीत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात बौद्ध वस्त्या जळू लागल्या. राज्यात तेव्हा शरद पवारांचे, जनता पक्षाच्या सहभागाचे सरकार होते. आणीबाणीत तुरुंगवास सोसलेल्या अनंत भालेरावांचे 'मराठवाडा' दैनिक नामांतराच्या विरोधात होते. विरोधाचा अग्रलेख हा मतभेद आहे आणि मतभेद म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे. (बाबा आढावांसारखे समाजवादी नामांतराच्या बाजूने उभे राहिले, हेही नोंदवले पाहिजे.) पण पोचीराम कांबळे यांना मारणाऱ्यांचा मतभेद कोणता होता? अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या लढाईत जिंकलेल्या महाराष्ट्रात एका नावासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. पँथर १९७४ मध्येच फुटली होती. मार्च १९७७ मध्ये राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी ती बरखास्त केली. रिपब्लिकनांपैकी खोब्रागडे गटाचे बी. सी. कांबळे मुंबईतून लोकसभेवर गेले. गवई गट काँग्रेसच्या सोबतीला होता. एकाच वस्तीत, एकाच निळ्या झेंड्याखाली दोन्हीकडे मते पडली. राजकीय मतभेद म्हणून हे निभावले असते. पण ही कटुता पक्षाच्या कचेरीतून नियतकालिकांच्या पानांवर उतरली. पुस्तक उघडण्यापूर्वी लेखक कोणाचा, हे पाहिले जाऊ लागले. 'बांधिलकी' हा आपल्या समीक्षेतला मोठा शब्द. समाजाशी असलेले नाते सांगण्यासाठी आलेला. तो गटनिष्ठेचे माप होऊन बसला.

पराभवाची कटुता बाबासाहेबांनाही चुकली नाही. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात ते काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. कम्युनिस्टांनी मते कुजवण्याचा प्रचार केला होता, आणि सत्तर हजारांहून अधिक मते वाया गेली. बाबासाहेब व अशोक मेहता यांचा निवडणूक अर्ज फेटाळला गेला. कम्युनिस्टांवरचा राग त्यांनी कधी लपवला नाही. दोन वर्षांनी भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली, तीही द्विसदस्यच. आपल्या मतदारांनी दुसरे मत कुजवावे, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला. तसे केले असते तर बाबासाहेबांची बाजू बळकट होणार होती. त्यांनी तो साफ नाकारला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेब पडले.

२०२४ च्या लोकसभा निकालात अकोल्यात प्रकाश आंबेडकर तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि 'मते फोडली', 'बी टीम' हे २०१९ चेच शब्द वंचितच्या मतदारावर पुन्हा येऊन आदळले. वंचितच्या धोरणावर टीका करायला जागा आहे, ती केली पाहिजे. उलट बाजूने, महाविकास आघाडीला मत देणाऱ्या बौद्धाला 'काँग्रेसचा गुलाम' म्हणणारेही आपल्याच सभांना बसतात. संविधान वाचवायचे म्हणून एकाने हाताला मत दिले, स्वतःचा पक्ष वाचवायचा म्हणून दुसऱ्याने वंचितला दिले. दोघे एकाच बुद्धविहारात येतात. या दोघांच्या कारणांचा शोध घेणारी कथा, कविता वा लेख मला अजून वाचायला मिळालेला नाही. या दोघांना दिलेल्या शिव्या मात्र रोज वाचायला मिळतात.