नोंदीची विश्वसनीयता आणि सामूहिक वर्तन : खानदेशातील तीन संहितांच्या संदर्भात

प्रस्तावना

संस्थांमधील माहितीच्या गुणवत्तेचा विचार आज प्रामुख्याने संगणकप्रणालीच्या अंगाने केला जातो. अचूकता, पूर्णता, सुसंगती व समयोचितता हे तिचे निकष सांगितले जातात. परंतु नोंद करणारा, ती तपासणारा आणि तिच्यावर विसंबणारा ही माणसेच असल्याने त्यांच्या परस्परवर्तनाचा ठसा नोंदीवर उमटणे अपरिहार्य ठरते. धुळे व जळगाव येथील संहितासंपादनाच्या इतिहासात हा प्रश्न संगणकयुगापूर्वीच उभा राहिलेला दिसतो.

एकाकी संशोधक

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड प्रसिद्ध केले. बखरींपेक्षा अस्सल पत्रांना प्रमाण मानावे, हा त्यांचा आग्रह मराठी इतिहासलेखनाला वळण देणारा ठरला. मात्र इतरांच्या नोंदी कठोरपणे तपासणाऱ्या या संशोधकाची स्वतःची एक महत्त्वाची नोंद इतरांना तपासता आली नाही. पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि ती एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादन केले. परंतु मूळ पोथी पुढील अभ्यासकांना उपलब्ध झाली नाही. त्यामुळे संहितेचे मूल्य मान्य करूनही तिच्या प्राचीनतेचा वाद निर्णायकपणे मिटू शकला नाही. येथे उणीव विद्वत्तेची नव्हती, तर पडताळणीची होती. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेणारे राजवाडे मतभेदांमुळे त्यापासून दूर झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या दप्तराची जपणूक १९२७ मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने केली. व्यक्तीने जमविलेले धन टिकविण्यासाठी अखेर संस्थाच आवश्यक ठरली.

संघटित संग्रह

त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली. मठामठांतून रामदासी बाडे मिळविणे हे काम एकट्याचे नव्हते. बाड देणारे मठाधिपती, नकलून घेणारे कार्यकर्ते आणि आश्रयदाते यांचा परस्परविश्वास त्यामागे होता. डोमगाव मठातील, कल्याणस्वामींच्या हातची मानल्या जाणाऱ्या प्रतीवरून सभेने १९०५ मध्ये दासबोध प्रसिद्ध केला. प्रतीचे ठिकाण व परंपरा उघड असल्याने वाचकास मुळाकडे जाण्याची वाट मोकळी राहिली. तथापि या पद्धतीलाही मर्यादा आहे. एका श्रद्धेने बांधलेल्या समूहात आदरामुळे शंका दबण्याचा संभव असतो. म्हणजेच केवळ सहकार्य पुरेसे नाही. त्यात मतभेदाला जागा हवी.

गाणारी आणि लिहिणारे

जळगावजवळील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांची गाणी पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने ती १९५२ मध्ये प्रकाशित झाली. ही जवळीक नसती तर गाणी कदाचित लुप्तच झाली असती. परंतु लेवा गणबोलीतील उच्चार आणि लिहिणाऱ्याची लेखनसवय यांतील सीमारेषा छापील संहितेवरून निश्चित करता येत नाही. सोपानदेव स्वतः कवी होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. आपुलकीने नोंद वाचविली. पण नोंद कशी झाली याची नोंद मात्र अपुरी राहिली.

समारोप

या तीन उदाहरणांतून अनुक्रमे पडताळणी, मतभेदाची मुभा आणि प्रक्रियेची नोंद या तीन गरजा स्पष्ट होतात. महाविद्यालयांना हा विचार दूरचा नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेसाठीचे स्वयंअध्ययन अहवाल आणि २०१०-११ पासूनचे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण यांसाठी विभागांकडून आकडे मागविले जातात. ते अखेरच्या आठवड्यात एकाच प्राध्यापकाने भरले, वरिष्ठांच्या नाराजीच्या भीतीने सोयीचे आकडे दिले गेले किंवा मूळ नोंदवही कोणी पाहिलीच नाही, तर उत्तम प्रणालीही निरुपयोगी ठरते. अशा आकड्यांवरच पदे, अनुदान आणि विद्यार्थ्यांच्या सुविधा ठरत असतील, तर चुकीची किंमत अखेर विद्यार्थ्यालाच मोजावी लागते. म्हणून चूक निदर्शनास आणणाऱ्या सहकाऱ्यास विरोधक न मानता तपासनीस मानणे, हीच माहितीच्या गुणवत्तेची पहिली अट होय.