माणसाआधीचा 'द'

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला ज्या गोष्टी छळतात, त्यांत 'द' या उपपदाचा मान फार वरचा आहे. मराठीत उपपदच नाही. तेव्हा ते कोठे घालावे आणि कोठे गाळावे हे आपल्याला कानाने कळत नाही, नियमाने घोकावे लागते. सूर्याआधी घाला, नद्यांच्या नावांआधी घाला, माणसाच्या नावाआधी घालू नका. एवढे पाठ झाले की गुण मिळतात आणि विषय संपतो. पण माणसाच्या वर्णनाआधी हा 'द' येऊन बसला म्हणजे तो काय काय करतो, ते पाहू लागावे. व्याकरणाच्या ओसरीवरून आपण नकळत साहित्याच्या माजघरात जाऊन पोहोचतो.

हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही छोटेखानी कादंबरी १९५२ सालची. शीर्षकात म्हाताऱ्याच्या आधी 'द' आहे. म्हणजे तो जणू आपल्या ओळखीचाच. आत पहिल्याच वाक्यात मात्र लेखक त्याची ओळख 'अ‍ॅन' लावून करून देतो. असाच कोणी एक म्हातारा. या 'कोणी एका'पासून त्या 'एकमेवा'पर्यंतचा प्रवास म्हणजेच ती कादंबरी. पु. ल. देशपांडे यांनी ती मराठीत आणली, तेव्हा तिला 'एका कोळियाने' असे नाव दिले. 'द'च्या जागी चक्क 'एका'! व्याकरणाच्या मास्तरांनी तांबडी रेघ ओढली असती. पण मराठी कानाला 'एका' म्हटले की गोष्ट सुरू होते, आणि ज्याची गोष्ट सांगावी असा तो कोळी आपोआप थोर ठरतो. 'द'ने जे साधले, तेच पु. लं.नी आपल्या भाषेच्या वळणाने साधले.

याहून मार्मिक उदाहरण दोन कादंबऱ्यांचे आहे. एच. जी. वेल्सने १८९७ साली 'द इन्व्हिजिबल मॅन' लिहिली. तिचा नायक ग्रिफिन हा शास्त्रज्ञ. प्रयोग करून तो अदृश्य होतो. जगात असा एकच, म्हणून 'द'. पुढे १९५२ साली राल्फ एलिसन या कृष्णवर्णी अमेरिकन लेखकाने 'इन्व्हिजिबल मॅन' लिहिली. 'द' गेला. या नायकाने कसलेही औषध घेतलेले नाही. लोक त्याला पाहायलाच तयार नाहीत, म्हणून तो अदृश्य आहे. साऱ्या कादंबरीत त्याचे नावदेखील आपल्याला कळत नाही. असे अदृश्य झालेले किती असतील याची गणतीच नाही, हे तो गाळलेला 'द' न बोलता सांगून जातो.

हा झाला एकट्या माणसाचा 'द'. समूहाच्या दारी मात्र त्याची चाल बदलते. 'द पुअर', 'द ब्लाइंड', 'द डिसेबल्ड' असे म्हटले, की विशेषणापुढचा 'माणसे' हा शब्द गळून पडतो. तेथे एकट्याला प्रवेशच नाही. 'अ पुअर' असे इंग्रजीत म्हणता येत नाही. जावयाचे तर घोळक्याने.

हेच ध्यानात घेऊन जानेवारी २०२३ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने पत्रकारांना सल्ला दिला, की अशा 'द'वाल्या शिक्क्यांनी माणसाचे माणूसपण हरपते, ते टाळा. उदाहरणांच्या यादीत गरीब, मनोरुग्ण आणि अपंग यांच्या पंगतीला 'द फ्रेंच'ही बसवले. मग काय विचारता! अमेरिकेतील फ्रेंच वकिलातीने थट्टेने आपले नावच बदलून दाखवले, जगभर हशा पिकला आणि संस्थेला माघार घ्यावी लागली. पण फ्रेंचांच्या वतीने थट्टा करायला वकिलात होती. यादीतल्या बाकीच्यांना कोण होते? हशात मूळ मुद्दा वाहून गेला.

तो मुद्दा पोकळ नव्हता. एरिक अ‍ॅक्टन या भाषाशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील भाषणे तपासून २०१९ साली दाखवून दिले, की सभासद स्वपक्षापेक्षा विरोधी पक्षाच्या नावाआधी 'द' अधिक लावतात. 'द' लावला की तो गट एकसंध गठ्ठा होतो आणि बोलणारा त्याच्या बाहेर उभा राहतो. आपल्याला हे समजायला अमेरिकेस जावयास नको. लग्नघरात 'मुलाकडची मंडळी' हे शब्द कोणत्या सुरात उच्चारले जातात ते आठवावे. 'त्या लोकांचे असेच असते' यातला 'त्या', 'गरिबांना काय कळते' यातले अनेकवचन, हे आपले बिनउपपदाचे 'द'च होत.

मग 'द' हद्दपार करावा काय? अंधांसाठी १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेचे नाव 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' असेच आहे. अमेरिकेत अंधांनी स्वतः चालवलेल्या संघटनेनेही आपल्या नावातला 'द' अभिमानाने राखला आहे. तेव्हा तो कोण उच्चारतो आणि कशासाठी, हे पाहावयास हवे.

याची साक्ष आपल्याच देशातील दोन इंग्रजी पुस्तके देतात. मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' १९३५ सालची. बखा या झाडूवाल्या तरुणाचा एक दिवस तीत आहे. शीर्षकात उपपद नाही. समाजाने कपाळावर मारलेला तो नुसता शिक्का आहे, आणि कादंबरी त्या शिक्क्याखालचा जिवंत मुलगा दाखवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९४८ सालच्या ग्रंथाचे नाव मात्र 'द अनटचेबल्स'. येथे 'द' आहे आणि अनेकवचनही. समाजाने ज्यांना एका कुंपणात कोंडले, त्यांचे ते कुंपणाचे नाव बाबासाहेबांनी जसेच्या तसे शीर्षकात घेतले आणि उपशीर्षकात लगेच विचारले: हे कोण होते, आणि ते अस्पृश्य कां झाले? बंद गठ्ठ्याची गाठ त्या प्रश्नाने सुटू लागते.

उपपद गाळून माणुसकी येत नाही आणि घातल्याने जात नाही. समूहाचे नाव घेऊन लिहिणारा पुढे 'हे कोण?' असे विचारतो की 'हे असेच' म्हणून पूर्णविराम देतो, ही त्याची खरी परीक्षा. ती इंग्रजीइतकीच मराठीतही द्यावी लागते.